रक्तवाहिनीचे अस्तर : नायट्रिक ऑक्साइडच्या शोधाची हकीकत

कोटाचे अस्तर बाहेरून दिसत नाही आणि ते थोडेसे विरले तरी कोट अंगावर चालतो. म्हणून शिंप्याखेरीज त्याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. शरीरातील रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तराची शास्त्रज्ञांकडून बराच काळ अशीच उपेक्षा झाली. हे अस्तर इतके पातळ असते की, त्याची जाडी अवघ्या एका पेशीएवढी भरते. रक्त सुरळीत वाहावे यासाठी निसर्गाने केलेला एक गुळगुळीत पडदा, यापलीकडे त्याला महत्त्व देण्याचे कारण फारसे कोणाला दिसत नव्हते. १९८० साली न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागातील वैद्यकीय महाविद्यालयात औषधिक्रियाविज्ञान शिकविणारे प्राध्यापक रॉबर्ट फर्चगॉट यांनी हा समज दूर केला. तसे करताना त्यांना स्वतःच्याच एका जुन्या प्रयोगाचा अर्थ नव्याने लावावा लागला.

वाहिनीची भिंत

हृदयातून शुद्ध रक्त बाहेर नेणाऱ्या वाहिनीस रोहिणी म्हणतात. रोहिणीची भिंत तीन पदरांची असते. बाहेरचा पदर चिवट तंतूंचा असून तो वाहिनीला आधार देतो. मधला पदर स्नायूंचा असतो. हे स्नायू हातापायांच्या स्नायूंप्रमाणे इच्छेने हलविता येत नाहीत; ते अनैच्छिक असतात. आतला पदर म्हणजे वर सांगितलेले अस्तर होय. शास्त्रीय परिभाषेत त्यास अंतःस्तर असे नाव आहे.

मधले स्नायू आकुंचन पावले की वाहिनीचा पोकळ भाग अरुंद होतो, आणि ते सैल पडले की तो रुंद होतो. हा फरक दिसायला लहान असला तरी त्याचा परिणाम फार मोठा होतो. नळीतून वाहणाऱ्या द्रवाचे प्रमाण नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलते, असा नियम एकोणिसाव्या शतकात फ्रेंच वैद्य प्वाझय यांनी प्रयोगांनी दाखवून दिला. इतर सर्व गोष्टी कायम ठेवून त्रिज्या निम्मी केली, तर प्रवाह निम्मा न होता एक षोडशांशावर येतो. रक्त हा साध्या पाण्यासारखा द्रव नव्हे, त्यामुळे हा नियम त्याला तंतोतंत लागू पडत नाही. तथापि अंदाज येण्यास तो पुरेसा आहे. जेवणानंतर आतड्यांकडे आणि धावताना पायांकडे अधिक रक्त जाते ते याच युक्तीने.

या स्नायूंना हुकूम कोण देतो? मज्जातंतू आणि रक्तातून येणारे अंतःस्राव, हे त्याचे उत्तर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ठरून गेले होते. अस्तराचा त्यात काही हात असेल, असे कोणाच्या मनात येण्याजोगे काही घडले नव्हते.

एकच द्रव्य, दोन उत्तरे

मज्जातंतूंच्या टोकांशी निर्माण होणाऱ्या द्रव्यांपैकी एकाचे नाव ॲसिटिलकोलीन असे आहे. इंग्रज शास्त्रज्ञ हेन्री डेल यांनी १९१४ साली असे नमूद केले की, हे द्रव्य अत्यल्प प्रमाणात प्राण्याच्या शिरेत टोचल्यास त्याचा रक्तदाब झपाट्याने उतरतो. याचा अर्थ उघड होता : ॲसिटिलकोलीनमुळे रक्तवाहिन्या रुंदावतात.

फर्चगॉट यांचा जन्म १९१६ साली अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलिना राज्यातील चार्ल्स्टन या गावी झाला. ते मूळचे रसायनशास्त्राचे विद्यार्थी. १९४० साली जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळविल्यावर ते हळूहळू औषधांच्या अभ्यासाकडे वळले. १९४९ ते १९५६ या काळात सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठात असताना त्यांनी रक्तवाहिन्यांवरील औषधांची क्रिया मोजण्याची एक सोयीची पद्धत बसविली. सशाची महारोहिणी घेऊन ती मळसूत्राप्रमाणे तिरपी कापीत न्यायची, म्हणजे नळीची एक लांब पट्टी तयार होते. ही पट्टी शरीराइतक्याच उष्ण अशा क्षारयुक्त पाण्यात टांगावयाची आणि त्या पाण्यातून प्राणवायू सोडीत राहावयाचे. अशा अवस्थेत ती कित्येक तास जिवंत राहते. पाण्यात औषध मिसळले की पट्टी आखडते किंवा सैल पडते, आणि तिच्या टोकाला जोडलेल्या उपकरणावर त्याची रेघ उमटते. ही पद्धत पुढे पुष्कळ प्रयोगशाळांनी उचलली.

१९५३ साली फर्चगॉट यांनी एका सहकाऱ्यासह या पट्ट्यांवरील निरीक्षणे प्रसिद्ध केली. त्यांत एक गोष्ट चमत्कारिक होती. ॲसिटिलकोलीन घातले असता पट्टी सैल पडण्याऐवजी आखडत असे. जिवंत प्राण्यात वाहिन्या रुंदावणारे द्रव्य काचपात्रात त्यांना अरुंद करीत होते. ही विसंगती फर्चगॉट यांच्या नजरेतून सुटली नव्हती. परंतु प्रयोग पुनःपुन्हा तेच उत्तर देत असल्यामुळे ते उत्तर खरे मानण्यावाचून गत्यंतर नव्हते. अशा वेळी शास्त्रज्ञांचा कल स्पष्टीकरण शोधण्यापेक्षा सवय करून घेण्याकडे असतो. ही विसंगती पाव शतकभर तशीच राहिली.

धुवावयाचे राहून गेले

१९७८ सालच्या मे महिन्यात, ब्रुकलिनमध्ये, फर्चगॉट यांनी आपल्या तंत्रसाहाय्यकास एक साधा प्रयोग आखून दिला. हेतू निराळाच होता. या वेळी महारोहिणीची तिरपी पट्टी न कापता तिचे छोटे छोटे आडवे काप, म्हणजे बांगडीसारखी कडी, वापरावयाची होती. प्रथम नॉरॲड्रेनॅलिन घालून कडे आखडू द्यावयाचे. मग ते औषध धुऊन काढावयाचे. आणि नंतर ॲसिटिलकोलीनच्याच जातीचे कार्बाकोल हे औषध घालून पुन्हा किती आकुंचन होते ते पाहावयाचे, असा क्रम ठरला होता. साहाय्यकाकडून मधली पायरी चुकली. नॉरॲड्रेनॅलिन न धुताच त्याने कार्बाकोल घातले.

कडे अधिक आखडावयास हवे होते. ते सैल पडले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. सैल सोडलेली दोरी आणखी सैल करता येत नाही. त्याचप्रमाणे ज्या स्नायूत मुळात ताणच नाही, त्याचे शिथिल होणे उपकरणावर दिसू शकत नाही. नॉरॲड्रेनॅलिन पात्रात राहून गेल्यामुळे कड्यात ताण होता, म्हणूनच कार्बाकोलचा खरा परिणाम उघडकीस आला. चूक झालेला प्रयोग टाकून देऊन दुसऱ्या दिवशी तो नीट करणे ही प्रयोगशाळेची रीत असते, आणि ती रीत गैर नाही. परंतु सव्वीस-सत्तावीस वर्षांपूर्वीची विसंगती फर्चगॉट यांच्या मनात जागी होती. त्यांनी तोच ‘चुकीचा’ क्रम मुद्दाम पुन्हा करावयास लावला. ॲसिटिलकोलीन घालूनही कडी सैल पडत. मात्र जुन्या पद्धतीच्या तिरप्या पट्ट्या काही केल्या सैल पडत नव्हत्या.

ससा तोच, वाहिनी तीच, द्रव्यही तेच; मग कडे आणि पट्टी यांत फरक कशाचा? स्नायूंच्या दिशेचा फरक असावा, ही शंका प्रयोगांती टिकली नाही. अखेरीस लक्ष गेले ते कापण्याच्या हातोटीकडे. तिरपी पट्टी कापताना वाहिनी उलगडावी लागते आणि तिची आतली बाजू बोटाला किंवा एखाद्या पृष्ठभागाला नकळत घासली जाते. कडे कापताना आतली बाजू कशालाही लागत नाही. फर्चगॉट यांनी एका चांगल्या कड्याची आतली बाजू हलकेच घासली. त्याची सैल पडण्याची शक्ती नाहीशी झाली. उलट, पट्टी कापताना आतल्या बाजूला मुळीच धक्का लागू दिला नाही, तर पट्टीही सैल पडू लागली. चांदीच्या क्षाराने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता घासलेल्या तुकड्यांवर अंतःस्तराच्या पेशी उरलेल्या नाहीत, असे दिसून आले.

म्हणजे १९५३ सालचे निरीक्षण खोटे नव्हते. पण ते अस्तर निघून गेलेल्या वाहिनीचे होते. ॲसिटिलकोलीन स्नायूला स्वतः आखडावयास लावते, आणि अस्तराला मात्र असा काही संकेत देते की त्यामुळे स्नायू सैल पडतो. अस्तर शाबूत असले तर दुसऱ्या परिणामाची सरशी होते. केवळ तयारी करताना होणाऱ्या घासण्यामुळे वाहिनीचा एक सबंध अवयव टाकून दिला जात होता, आणि जगातील अनेक कुशल हातांनी तो वर्षानुवर्षे टाकून दिला होता.

संकेत अस्तरातून स्नायूकडे जातो हे सिद्ध करण्यासाठी फर्चगॉट यांनी जो प्रयोग योजला, तो विद्यार्थ्यांनी अवश्य समजून घ्यावा, कारण त्याला लागणारे साहित्य अगदी साधे आहे. अस्तर काढून टाकलेली एक पट्टी त्यांनी ताणमापकाला जोडली. ॲसिटिलकोलीनने ती सैल पडली नाही. मग अस्तर शाबूत असलेली दुसरी पट्टी तिच्यावर अशी ठेवली की दोघींच्या आतल्या बाजू एकमेकींना चिकटाव्यात. ही दुसरी पट्टी मुद्दाम निराळ्या दिशेने कापली होती, जेणेकरून तिच्या स्वतःच्या स्नायूंचा ताण मापकावर येऊ नये. आता ॲसिटिलकोलीन घालताच पहिली पट्टी सैल पडली. दोन्ही पट्ट्या वेगळ्या केल्या की परिणाम पुन्हा नाहीसा होई. अस्तरातून काहीतरी निघून शेजारच्या पट्टीत जात होते, याविषयी आता संशय राहिला नाही. फर्चगॉट आणि त्यांचे सहकारी जॉन झवाड्झ्की यांचा निबंध १९८० सालच्या नोव्हेंबरमध्ये ‘नेचर’ या साप्ताहिकात प्रसिद्ध झाला.

अज्ञात दूताचा शोध

त्या ‘काहीतरी’ला अंतःस्तरातून येणारा शिथिलकारी घटक असे लांबलचक नाव मिळाले. नाव मिळाले तरी ओळख पटली नव्हती. ओळख पटविणे अवघड होते, कारण हा घटक तयार झाल्यावर काही सेकंदांतच नष्ट होत असे. बाटलीत भरून ठेवावा आणि सावकाश पृथक्करण करावे, अशी ही वस्तू नव्हती.

त्याचे उत्तर एका अगदी निराळ्या वाटेने येऊन ठेपले होते. या वाटेचा आरंभ एकोणिसाव्या शतकात शोधावा लागतो. १८४७ साली इटलीतील रसायनशास्त्रज्ञ आस्कानियो सोब्रेरो यांनी नायट्रोग्लिसरीन हा स्फोटक द्रव तयार केला. १८६७ साली आल्फ्रेड नोबेल यांनी त्यापासून सुरुंगाचे डायनामाइट बनविले. त्याच १८६७ साली लॉडर ब्रंटन या वैद्याने अमिल नायट्राइटची वाफ हुंगविल्यास हृदयशूलाची कळ थांबते असे दाखविले, आणि १८७९ साली लंडनचे विल्यम मरेल यांनी अल्प प्रमाणातील नायट्रोग्लिसरीनचाही तोच गुण असल्याचे प्रसिद्ध केले. दारूगोळ्याच्या कारखान्यांतील कामगारांना सुटीनंतर सोमवारी कामावर येताच डोके दुखत असे; तेही याच द्रव्यामुळे वाहिन्या रुंदावल्याने. गंमत अशी की, उतारवयात खुद्द नोबेल यांना हृदयाचा विकार जडला तेव्हा डॉक्टरांनी त्यांना नायट्रोग्लिसरीनच घ्यावयास सांगितले. या योगायोगाची नोंद त्यांनी मित्राला लिहिलेल्या पत्रात केली आहे.

या वर्गातील औषधांच्या जिभेखाली ठेवावयाच्या गोळ्या भारतातही पुष्कळ हृदयरोगी आजही खिशात बाळगतात. परंतु हे औषध वाहिनीला नेमके काय करते, हे शंभर वर्षे कोणाला सांगता येत नव्हते. १९७७ साली व्हर्जिनिया विद्यापीठात फेरिद मुराद यांना त्याचा धागा सापडला. नायट्रोग्लिसरीन आणि तत्सम औषधांपासून नायट्रिक ऑक्साइड हा वायू सुटतो, आणि तो स्नायूपेशीतील ग्वानिलेट सायक्लेज नावाच्या एंझाइमला चेतवितो, असे त्यांनी दाखविले. हा वायू नुसता ऊतकांवर सोडला तरी तोच परिणाम होई. तथापि शरीर स्वतः असा वायू बनवीत असेल, ही कल्पना त्या वेळी विलक्षणच वाटली असती. नायट्रिक ऑक्साइडची ख्याती होती ती मोटारींच्या धुरातील आणि विजेच्या कडकडाटाने हवेत निर्माण होणारा एक उपद्रवी वायू म्हणून.

(शाळेत शिकविल्या जाणाऱ्या हास्यवायूशी त्याची गल्लत करू नये. हास्यवायूच्या रेणूत नायट्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एक अणू असतो. नायट्रिक ऑक्साइडमध्ये दोहोंचा एकेक. एका अणूच्या फरकाने गुणधर्म किती पालटतात, याचे हे उत्तम उदाहरण आहे.)

१९८० नंतरच्या पाच-सहा वर्षांत पुरावे एकत्र येत गेले. रक्तातील हीमोग्लोबिन हे द्रव्य अस्तरातील घटकाला निकामी करीत असे. नायट्रिक ऑक्साइडलाही ते घट्ट पकडते. ऑक्सिजनपासून बनणारा सुपरऑक्साइड हा आयन दोघांनाही नष्ट करी, आणि सुपरऑक्साइडचा नाश करणारे एंझाइम घातले की दोघांचेही आयुष्य वाढे. दोघेही अल्पायुषी, आणि दोघेही त्याच एंझाइमला चेतविणारे. १९८६ सालच्या जुलैमध्ये अमेरिकेतील रॉचेस्टर येथे मेयो क्लिनिकमध्ये भरलेल्या परिषदेत फर्चगॉट आणि कॅलिफोर्नियाचे लुई इग्नारो या दोघांनी, परस्परांवर अवलंबून न राहता, अस्तरातील घटक म्हणजे नायट्रिक ऑक्साइडच असावा असे मत मांडले.

मताला मापाची जोड हवी होती. ती १९८७ साली इंग्लंडमधील बेकनहॅम येथील वेलकम प्रयोगशाळेत मिळाली. नायट्रिक ऑक्साइडचा ओझोनशी संयोग झाला की क्षीण प्रकाश पडतो. जन्माने होंडुरासचे असलेले साल्वादोर मोंकादा आणि त्यांचे सहकारी यांनी अंतःस्तराच्या पेशींमधून येणारा वायू या प्रकाशाच्या आधारे मोजला, आणि स्नायू सैल पडण्यास जेवढा हवा तेवढा तो तेथे असतो, हे दाखविले. इग्नारो यांनीही त्याच वर्षी निराळ्या मार्गाने तेच सिद्ध केले. पुढच्या वर्षी, पेशी हा वायू आर्जिनीन या अमिनो अम्लापासून बनवितात, असे मोंकादा यांच्या गटाने दाखवून दिले.

वायूचे कार्य कसे चालते

आज या क्रियेची साखळी पुढीलप्रमाणे समजली जाते. वाहते रक्त अस्तराला सतत घासत असते. प्रवाह वाढला, किंवा ॲसिटिलकोलीनसारखे द्रव्य येऊन मिळाले, की अस्तराच्या पेशीतील कॅल्शियमचे प्रमाण वाढते आणि तेथील विशिष्ट एंझाइम आर्जिनीन व ऑक्सिजन यांपासून नायट्रिक ऑक्साइड तयार करू लागते. हा रेणू इतका लहान आहे की त्याला पेशीच्या पडद्यांचा अडथळा होत नाही; तो सरळ शेजारच्या स्नायूपेशीत शिरतो. तेथे ग्वानिलेट सायक्लेजमधील लोहाच्या अणूला तो चिकटतो. ते एंझाइम मग चक्रीय जी-एम-पी नावाचा दुय्यम दूत निर्माण करते, स्नायूपेशीतील कॅल्शियम घटते आणि स्नायू सैल पडतो. निरोप पोहोचविताच वायू नाहीसा होतो. त्यामुळे वाहिनी फार वेळ रुंद राहण्याचा धोका टळतो. प्रवाह चालू असेल तर अस्तर नवा वायू बनवीतच राहते.

या ज्ञानाचा उपयोग उपचारांतही झाला. जन्मतःच फुप्फुसांतील वाहिन्या आखडलेल्या काही अर्भकांना हवेबरोबर अत्यल्प नायट्रिक ऑक्साइड हुंगविण्याच्या उपचारास अमेरिकेत १९९९ साली मान्यता मिळाली. चक्रीय जी-एम-पीचा नाश लांबविणारे सिल्डेनाफिल हे औषध १९९८ साली बाजारात आले. हे औषध आणि नायट्रोग्लिसरीनच्या जातीची औषधे एकाच सुमारास घेणे जिवावर बेतू शकते, हे मात्र विसरता कामा नये. दोहोंचा परिणाम एकाच साखळीवर होत असल्यामुळे रक्तदाब एकाएकी कोसळतो.

१९९८ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना विभागून देण्यात आले. त्या वेळी फर्चगॉट ८२ वर्षांचे होते. २००९ साली त्यांचे निधन झाले. एका विषयातील पारितोषिक तिघांपेक्षा अधिक जणांस देता येत नाही, असा नियम आहे. मोंकादा यांना वगळल्याबद्दल अनेक शास्त्रज्ञांनी नाराजी व्यक्त केली, आणि ती अनाठायी म्हणता येणार नाही.

रोगट अस्तर

फर्चगॉट यांच्या घासलेल्या पट्टीचे दर्शन पुढे रुग्णालयातही घडले. १९८६ साली बोस्टन येथील डॉक्टरांनी हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्यांमध्ये बारीक नळीतून ॲसिटिलकोलीन सोडून पाहिले. निरोगी रोहिण्या रुंदावल्या. ज्यांच्या भिंतींत चरबीयुक्त थर साचले होते त्या मात्र आखडल्या. त्याच रोहिण्यांना नायट्रोग्लिसरीन दिल्यावर त्या रुंदावल्या, म्हणजे स्नायू कामास तयार होता. हुकूम देणारे अस्तर बिघडले होते. काचपात्रातील सशाच्या पट्टीने १९५३ साली जे उत्तर दिले होते, तेच आता रोगी माणसाची रोहिणी देत होती.

उच्च रक्तदाब, मधुमेह, रक्तातील कोलेस्टेरॉलचे आधिक्य आणि तंबाखूचा धूर यांमुळे अस्तराची ही शक्ती क्षीण होते. ती पाहण्यासाठी नेहमीच नळी आत घालावी लागते असे नाही. १९९२ साली एक सोपी रीत प्रसिद्ध झाली. हाताला रक्तदाब मोजण्याचा पट्टा बांधून काही मिनिटे रक्तप्रवाह रोखून धरावयाचा आणि मग पट्टा एकदम सोडावयाचा. रक्ताचा लोंढा हाताच्या रोहिणीतून धावतो, अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडते आणि रोहिणी फुगते. तिचा व्यास श्राव्यातीत ध्वनिलहरींनी मोजतात. हृदयाची कसलीही तक्रार नसलेल्या धूम्रपान करणाऱ्या व्यक्तींची त्या वेळी अशी तपासणी करण्यात आली, तेव्हा त्यांच्या रोहिण्या इतरांच्या मानाने फारच थोड्या फुगल्या.